तेल-मेण दिलेल्या सुती कापडाची बॅग: निवड आणि निगा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या जिल्हा न्यायालयात वकिली करणाऱ्या एका ताईंना रोजच्या वापरासाठी तेल-मेण दिलेल्या सुती कॅनव्हासची, खांद्यावर अडकवायची बॅग घ्यायची आहे. त्या दुचाकीने जातात-येतात, बॅगेत खटल्यांचे कागद आणि लॅपटॉप असतो आणि महिन्यातून दोन-तीनदा सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला उच्च न्यायालयात जावे लागते. कापड कोणते घ्यावे, ते पावसात खरोखर टिकते का, पांढऱ्या कपड्यांना डाग पडतात का आणि घरी निगा कशी राखावी, हे त्यांनी विचारले आहे. शिवाय त्यांच्या काकांची अशीच एक जुनी बॅग माळ्यावर सापडली आहे. ती पुन्हा वापरण्याजोगी होईल का, हेही त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी गेली २७ वर्षे नाशिकमध्ये बॅगा शिवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम करतो. त्याआधी वडिलांच्या हाताखाली ताडपत्र्या शिवत होतो. त्या काळी लासलगावहून कांदा भरून निघणाऱ्या ट्रकांवर जाड सुती ताडपत्री असे, तिला मेण दिलेले असे आणि दर उन्हाळ्यात ती आमच्याकडे मेण द्यायला परत येई. पुढे प्लास्टिकची ताडपत्री आली आणि ते काम संपले, पण त्या कामाने शिकवलेली एक गोष्ट मी आजही प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी सांगतो. कापडातले तेल-मेण हे वापराने कमी होणारच. ते दरवर्षी पुन्हा देता येते. कापडाची वीण, शिवण आणि पट्टा जिथे अडकवला आहे तो जोड मात्र एकदा चुकला की नंतर सुधारणे अवघड असते. म्हणून बॅग घेताना वरच्या झळाळीवर न जाता या तीन गोष्टी पाहाव्यात आणि घेतल्यानंतर सगळे लक्ष त्या मेणाकडे द्यावे.

दुकानात शब्दांचा गोंधळ होतो, तो आधी दूर करतो. ‘मेणकापड’ मागितले तर आपल्याकडे दुकानदार तान्ह्या बाळाखाली घालायचे किंवा टेबलावर पसरायचे कापड पुढे करतो. ती वेगळी वस्तू आहे. आपल्याला हवे असते ते ‘वॅक्स कॅनव्हास’. काही जण त्यालाच ‘ऑइल्ड कॉटन’ म्हणतात. त्यात दाट विणलेल्या सुती कापडाच्या धाग्यांमध्ये मेण किंवा तेल-मेणाचे मिश्रण मुरवलेले असते. कापडाच्या एका बाजूला प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवलेला असेल, तर त्यावर काहीही नाव छापलेले असो, ते हे कापड नव्हे.

ही कल्पना मुळात दर्यावर्दी लोकांची. युरोपातील खलाशी शिडाच्या कापडाला माशाचे तेल आणि पुढे जवसाचे तेल लावत, कारण ओल्या शिडाचे वजन वाढते आणि तेल लावलेले शीड पाणी कमी पिते. ज्या जवसाच्या बियांतून ते तेल निघे, त्याच कुळीच्या झाडाच्या खोडातील धाग्यांची ती शिडेही विणलेली असत. पुढे शिडांसाठी सुती कापड आले, पण जवसाच्या तेलाचा दोष तसाच राहिला: ते थंडीत ताठ होते आणि जुने झाले की पिवळे पडते. कोळ्यांच्या जुन्या रेनकोटांचा पिवळा रंग त्यातूनच आला. विसाव्या शतकात, साधारण १९३० च्या दशकात, खनिज मेण म्हणजे पॅराफिन मुरवलेले कापड रूढ झाले आणि आज बाजारात मिळते ते बहुतांशी त्याच वंशातले आहे.

ते काम कसे करते, हे कळले की निगेचे अर्धे नियम आपोआप लक्षात येतात. कापसाचा तंतू पाणी मिळाले की फुगतो. वीण दाट असेल तर फुगलेले धागे एकमेकांना खेटून बसतात आणि मधली भोके बुजतात. उरलेल्या फटी मेण भरून काढते आणि पृष्ठभागावर पाण्याचे थेंब मोत्यासारखे उभे राहून ओघळून जातात. म्हणजे पाणी अडवण्याचे काम वीण आणि मेण मिळून करतात. विरळ विणीच्या कापडावर कितीही मेण थापले तरी ते दोन पावसाळ्यांत झडून जाते, आणि म्हणूनच दुकानात बॅग आतून उजेडाकडे धरून पाहावी. टाचणीच्या टोकाएवढ्या उजेडाचे ठिपके सगळीकडे दिसत असतील तर ती बॅग ठेवून द्यावी.

अस्सल कापड ओळखण्याची माझी पहिली चाचणी नखाची आहे. बॅगेच्या तळाजवळ, जिथे कोणाचे लक्ष जात नाही, तिथे अंगठ्याच्या नखाने बोटभर रेघ ओढावी. मेण मुरलेल्या कापडावर फिकट, खडूसारखी रेघ उठते, कारण तिथले मेण मोडून बाजूला सरकलेले असते. आता त्याच रेघेवर तळहात दाबून दहा-पंधरा वेळा घासावे. हाताच्या उबेने मेण पुन्हा पसरते आणि रेघ जवळजवळ नाहीशी होते. रेघ उठलीच नाही, किंवा उठली आणि पुसट झालीच नाही, तर ते मेण नसून वरचा लेप असण्याची शक्यता मोठी. दुसरी चाचणी धाग्याची: आतल्या शिवणीतून सुटलेला एखादा धागा मिळाला तर तो चिमट्यात धरून जाळून पाहावा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टरचा धागा वितळून टोकाला कडक मणी धरतो. मेणामुळे ज्योत जरा मोठी होते, तेव्हा हे घराबाहेर करावे, आणि दुकानदाराची परवानगी असेल तरच.

कापडाचे वजन जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅम किती, या मापात सांगतात. परदेशी बॅगांवर ते औंसात, म्हणजे एका चौरस यार्डाचे औंस किती, असे असते. १० औंस म्हणजे सुमारे ३४० जीएसएम, १२ औंस म्हणजे सुमारे ४०० आणि १८ औंस म्हणजे सुमारे ६१०. ३४० चे कापड लहान झोळीला पुरते, पण लॅपटॉप आणि फायलींच्या ओझ्याने त्याचे तळाचे कोपरे लवकर झिजतात. ६१० चे कापड भक्कम खरे, पण अशी बॅग रिकामीच इतकी जड होते की दिवसभर खांद्यावर बाळगणाऱ्याचा खांदा संध्याकाळी तक्रार करतो. तुमच्या कामाला ४०० ते ५०० च्या दरम्यानचे कापड आणि तळाला त्याच कापडाचा दुहेरी थर, असे मी सुचवीन.

आता डागांचा प्रश्न, जो वकिलांच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. हे कापड दोन प्रकारचे येते. एकात तेलाचा अंश जास्त असतो, हात लावला तर किंचित चिकट आणि थंड लागते. दुसऱ्यात मेणाचा अंश जास्त आणि घट्ट असतो, त्याला बाजारात ‘ड्राय वॅक्स’ म्हणतात आणि ते हाताला कोरडे लागते. तेलकट प्रकार पावसाला जास्त चांगला, पण कमरेजवळ, जिथे बॅग सतत घासते, तिथे पांढऱ्या कपड्यावर तो करडी-पिवळी छटा धरतो आणि ती छटा साध्या धुण्याने जात नाही. माझ्याकडे एका वकील साहेबांनी असाच एक पांढरा सदरा दाखवायला आणला होता. उजव्या कुशीवर हाताच्या पंजाएवढा डाग, आणि त्याच्या मधोमध बकलाचा ठसा स्पष्ट उमटलेला. तेव्हा पांढऱ्या कपड्यांवर वापरायची बॅग कोरड्या मेणाचीच घ्यावी. दुकानात खिशातला पांढरा रुमाल काढून कापडावर जोर देऊन वीस वेळा घासावा आणि मग उजेडात पाहावा. रंग आणि मेण दोन्हींचा निकाल तिथल्या तिथे लागतो. गडद निळा आणि काळा रंग जास्त उतरतो, खाकी आणि मातकट रंग कमी.

कापडानंतर पट्टा. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या दहा बॅगांपैकी सहा-सात पट्ट्याच्या जोडापाशी फाटलेल्या असतात, म्हणून या भागावर जरा रेंगाळतो. खांद्यावरच्या बॅगेचे सगळे ओझे दोन जागी येते, आणि चालताना प्रत्येक पावलागणिक त्या दोन जागांना हिसका बसतो. दुचाकीवर खड्डे आले की तोच हिसका दुप्पट होतो. पट्ट्याचे टोक बॅगेच्या बाजूच्या शिवणीत खोल घेऊन, वर चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई घातलेली असावी. नुसत्या रिव्हेटवर, म्हणजे ठोकून बसवलेल्या धातूच्या खिळीवर, पट्टा लटकत असेल तर ती बॅग घेऊ नये, कारण रिव्हेटसाठी कापडाला भोक पाडावे लागते, धागे तुटतात आणि ते भोक वर्षभरात वाढत जाते. शिलाई आणि तिला जोड म्हणून रिव्हेट असेल तर उत्तम. आतून हात घालून पाहावे: जोडाच्या मागे कापडाचा किंवा चामड्याचा आणखी एक तुकडा लावला आहे का? चांगला कारागीर तो लावतोच, कारण बाहेरून न दिसणारे काम त्याला ठाऊक असते. पट्ट्याची रुंदी दीड ते दोन इंच असावी आणि तो सुती विणलेला असावा. नायलॉनचा पट्टा खांद्यावरून घसरतो आणि कोटाच्या कापडाला चकाकी आणतो.

शिवणीला एका इंचात सहा ते आठ टाके असावेत. टाके फार बारीक घातले तर सुईची भोके जवळजवळ येऊन कापड टपाल तिकिटांच्या कागदासारखे त्या रेषेवर फाटते. बकले पितळेची असावीत. पितळ गंजत नाही. लोहचुंबक लावून पाहण्याची पद्धत अपुरी आहे, कारण जस्ताच्या मिश्र धातूवर पितळी मुलामा दिलेला असेल तरी चुंबक चिकटत नाही. त्याऐवजी बकलाच्या मागच्या बाजूला, जिथे पट्टा घासून मुलामा उडतो, तिथे पाहावे: आतून करडे दिसले तर मुलामा, पिवळेच दिसले तर पितळ. चेन धातूची आणि जाड दातांची असावी.

झाकण हे या बॅगेचे छत्र आहे. ते पुढे किमान अर्ध्या उंचीपर्यंत यावे आणि दोन्ही बाजूंना तोंडापेक्षा थोडे रुंद असावे, म्हणजे बाजूने येणारी झड आत शिरत नाही. झाकणाखाली चेन असेल तर अधिक बरे. आतले अस्तर तुमच्यासाठी आवश्यकच आहे. बिनअस्तराच्या बॅगेत मेणाचे कापड थेट कागदाला लागते आणि उन्हाळ्यात मूळ दस्तऐवजावर तेलाचा पारदर्शक डाग पडतो, जो कधीच निघत नाही. अस्तर फिकट रंगाचे असावे, म्हणजे आतली वस्तू दिसते, आणि तळाशी टाचलेले नसावे, म्हणजे ते खिशासारखे बाहेर ओढून झटकता आणि पुसता येते.

पावसाबद्दल मी स्पष्ट सांगतो, कारण विक्रेते येथे जास्त बोलतात. हे कापड पाणी परतवते. ते रबरी होडीसारखे बंद नसते. नाशिकच्या शालिमार चौकापासून सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत, अशा पायी अंतरात भुरभुर पावसाने आतले काही भिजणार नाही. नाशिक शहरातला पाऊस बहुतेक दिवस असाच असतो. परंतु त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावर आषाढातली सर अंगावर घेत दुचाकीने २८ किलोमीटर जाणे, किंवा इगतपुरीच्या फलाटावर वाऱ्यासकट पाऊस झोडपत असताना उभे राहणे, ही वेगळी परीक्षा आहे. तिथे पाणी कापडातून नव्हे, तर शिवणीच्या भोकांतून आणि झाकणाच्या कोपऱ्यांतून शिरते. लॅपटॉप जाड अस्तराच्या वेगळ्या पाकिटात ठेवावा, आणि कागदांसाठी चेनची प्लास्टिकची फाइल आत कायम असू द्यावी. बॅगेला कमी लेखून मी हे सांगत नाही. कोणत्याही कापडाला सुईचे भोक पडले की त्यातून वाट होते, एवढाच त्याचा अर्थ.

निगेचा पहिला नियम: ही बॅग धुवायची नाही. वॉशिंग मशीन नाही, गरम पाणी नाही, साबण किंवा धुण्याची पावडर नाही, ड्राय क्लीनिंग नाही आणि इस्त्रीही नाही. साबणाचे काम तेल सुटे करून पाण्याबरोबर वाहून नेणे हे असते, आणि आपल्याला तर नेमके तेच तेल टिकवायचे आहे. शिवाय साबणाचा थोडा अंश धाग्यात राहतो, आणि मग नव्याने मेण दिले तरी पाणी थेंबाच्या रूपात उभे न राहता पसरत जाते. ब्रिटनमध्ये १८९४ साली सुरू झालेली, तेल-मेणाचे कोट करणारी बार्बर ही पेढीही आपल्या गिऱ्हाइकांना हेच सांगते: मशीनमध्ये धुऊ नका, थंड पाण्याने पुसा आणि वर्षातून एकदा मेण द्या.

चिखल उडाला तर ओला असताना घासू नये. तो विणीत शिरतो. वाळू द्यावा, मग मऊ केसांच्या ब्रशाने झाडावा आणि उरलेला डाग थंड पाण्यात पिळलेल्या स्पंजने टिपावा. रोजची धूळ कोरड्या फडक्याने आठवड्यातून एकदा झटकली तरी पुरे. मेण धूळ धरून ठेवते, आणि धुळीचे कण घड्यांमध्ये बसले की पॉलिश पेपरसारखे धागे कापतात. घडीच्या रेषेवर कापड आधी विरते, त्याचे कारण बहुधा हेच असते.

नाशिकमध्ये या बॅगेचा खरा शत्रू पाऊस नसून एप्रिल-मेचे ऊन आहे, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. पॅराफिन त्याच्या प्रकारानुसार ४६ ते ६८ अंश सेल्सिअसला वितळते, मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांना. बाहेर ४० अंश असताना उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत तापमान ६० च्या वर सहज जाते, आणि स्कूटरच्या डिकीत खालून इंजिनाची ऊबही मिळते. न्यायालयाच्या आवारात दुपारभर उभ्या स्कूटरच्या डिकीत ही बॅग ठेवली, तर मेण पातळ होऊन वजनाने तळाकडे उतरते. वरचे कापड कोरडे पडते, तळ काळपट आणि चिकट होतो आणि अस्तराला डाग पडतात. उन्हाळ्यात बॅग सोबत न्यावी किंवा घरी सावलीत टांगावी.

हिवाळ्यात उलट होते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे कापड ताठ होते आणि घड्यांवर पांढरट भेगा दिसतात. हा दोष नव्हे; घरात उबेला टांगली की ती मोकळी होते. त्या दिवसांत नवे मेण मात्र देऊ नये, ते आत मुरत नाही आणि वर पांढरी साय धरून बसते.

पावसाळ्यात काळजी घ्यायची ती बुरशीची. भिजलेली बॅग रिकामी करावी, अस्तर बाहेर ओढावे, आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत, तासाभराने ते बदलावेत आणि बॅग पंख्याखाली टांगून ठेवावी. गॅसजवळ किंवा हीटरजवळ नको. कोरडी झाल्याशिवाय कपाटात ठेवू नये आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तर कधीच ठेवू नये; सुती कापड हे बुरशीचे अन्नच आहे, आणि बंद पिशवीत तिला ओल, अंधार आणि वेळ तिन्ही मिळतात. बुरशी दिसलीच तर नाकाला रुमाल बांधून गच्चीवर उन्हात ब्रशाने झाडावी, पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्या फडक्याने पुसावे, पूर्ण वाळू द्यावे आणि तेवढ्या भागाला नव्याने मेण द्यावे.

मेण देण्याचा काळ आपल्याकडे निसर्गानेच ठरवून दिला आहे. मे महिन्याचा दुसरा पंधरवडा, मृग लागण्याच्या आधी. तेव्हा हवा कोरडी असते, ऊन फुकट असते आणि मेण दिल्यानंतर मुरायला आठ-दहा दिवस मिळतात. वडील ताडपत्र्या याच दिवसांत मेण द्यायला घेत असत. कापडाला मेणाची गरज आहे का, हे थेंबावरून कळते: पाण्याचे चार थेंब टाकावेत, ते उभे राहिले तर मेण आहे, मिनिटभरात कापड गडद होऊन थेंब आत गेला तर मेण संपले. बहुतेकदा आधी झाकणाची वरची घडी, तळाचे कोपरे आणि अंगाला घासणारी बाजू कोरडी पडते.

कृती अशी. बॅग कोरड्या ब्रशाने झाडून, थंड पाण्याने पुसून, रात्रभर वाळवावी. बॅगेचे मेण डबीत मिळते. ती डबी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून मेण लोण्यासारखे मऊ करावे. डबी थेट गॅसवर कधीही ठेवू नये, मेण पेट घेते. मग सकाळी दहाच्या उन्हात बॅग अर्धा तास ठेवावी म्हणजे कापड उबदार होते. जुन्या सुती फडक्याच्या बोळ्याने अगदी थोडे मेण घेऊन, गोल गोल फिरवत, वितीएवढ्या भागावर चोळावे, आणि मगच पुढच्या भागाकडे वळावे. शिवणींवर बोटाने दाबून जास्त मेण द्यावे, कारण पाणी तिथूनच शिरते. सगळीकडे मेण लागले की हेअर ड्रायर वीतभर अंतरावरून फिरवावा: ओलसर चकाकी येते, क्षणभर थांबते आणि मग कापड ती पिऊन टाकते. हा क्षण डोळ्यांनी टिपता आला पाहिजे. चकाकी गेली म्हणजे मेण मुरले. तशीच राहिली म्हणजे जास्त झाले, ते कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. मग बॅग दोन दिवस सावलीत टांगावी आणि आठवडाभर पांढऱ्या कपड्यांपासून दूर ठेवावी. मध्यम आकाराच्या बॅगेला मला एका वेळी ५० ते ६० ग्रॅम मेण लागते. चामड्याच्या भागांना हे मेण न देता चामड्याचे वेगळे क्रीम द्यावे. चेनच्या दातांवर मात्र मेणबत्तीचा तुकडा फिरवला तरी चालते.

डबी मिळाली नाही तर दोन भाग पॅराफिन आणि एक भाग मधमाशीचे मेण पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या वाटीत वितळवून वडी पाडावी. नुसते पॅराफिन ठिसूळ असते, मधमाशीचे मेण त्याला लवचीकपणा देते.

स्वयंपाकघरातले तेल मात्र लावू नये. ही सूचना मी आग्रहाने करतो, कारण ‘तेल दिलेले कापड’ हे शब्द ऐकून लोक शेंगदाण्याचे किंवा खोबरेल तेल चोळतात. ही तेले वाळत नाहीत. कापड कायम ओशट राहते, काही महिन्यांत खवट वास येतो आणि त्या वासावर मुंग्या, झुरळे आणि उंदीर येतात. उंदराने कुरतडलेली बॅग मी दुरुस्त केली आहे, पण तो वास मी घालवू शकलो नाही. जवसाचे तेल वाळते, म्हणून ते पूर्वी वापरत, परंतु ते वाळताना हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन उष्णता बाहेर पडते. मी कामाला लागलो त्या पहिल्या-दुसऱ्या वर्षीची गोष्ट आहे. एका बॅगेला जवसाचे तेल देऊन मी तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यातल्या डब्यात टाकली आणि जेवायला गेलो. परत आलो तो डब्यातून धूर येत होता; फडकी आतून तापून काळी पडली होती. वडिलांनी डबा उचलून बाहेर मोरीत पालथा केला. अशी फडकी उघडी पसरून वाळवावी लागतात किंवा पाण्यात बुडवावी लागतात, आणि हे ज्याला सांभाळता येत नाही त्याने जवसाच्या तेलाला हात लावू नये. ती बॅगही दोन वर्षांत घड्यांवर तडकली.

दुरुस्तीबद्दल एकच महत्त्वाची गोष्ट. रस्त्यावरच्या कारागिराकडे बॅग दिली तर ‘सोल्यूशन लावू नका, फक्त शिवून द्या’ असे आधी सांगावे. सोल्यूशन म्हणजे चिकटवायचा रबरी गोंद. सोल्यूशनमधला द्रव मेण विरघळवतो; भोवती पांढरट वर्तुळ उठते आणि चिकटवलेला तुकडाही मेणामुळे टिकत नाही. ठिगळ त्याच कापडाचे, कोपरे गोल कापलेले आणि दोन्ही बाजूंना मेण चोळलेल्या दोऱ्याने शिवलेले असावे.

राहता राहिली काकांची बॅग. नवी घेण्याआधी ती नीट तपासावी, असा माझा सल्ला आहे. आधी माळ्यावरची धूळ झाडून ती दोन दिवस सावलीत, हवेशीर जागी टांगावी. मग झाकणाची घडी आणि तळाचा कोपरा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून, एकदा उभ्या धाग्याच्या दिशेने आणि एकदा आडव्या, हलका ताण द्यावा. कापड नुसते कुरकुरले आणि टिकले तर ते मेण वाळल्याचा आवाज आहे, बॅग वाचेल. धागे कागदासारखे तुटू लागले किंवा चिमटीत भुकटी आली तर कापडच विरले आहे. त्यावर मेणाचा खर्च करू नये, बकले मात्र पितळेची असली तर काढून ठेवावीत. कापड शाबूत असेल तर पट्ट्याचे दोन्ही जोड उसवून, आतून नवे तुकडे लावून, जाड दोऱ्याने पुन्हा शिवून घ्यावेत, कारण जुना सुती दोरा कापडाच्या आधी कुजतो. शिलाई पुरी झाल्यावरच मेण द्यावे, म्हणजे सुईची नवी भोकेही त्यात बुजतात. अशा जुन्या कापडाला पहिल्या वर्षी दोनदा मेण लागते: एकदा मे महिन्यात, आणि दुसऱ्यांदा दिवाळीच्या आधी, ऑक्टोबरच्या उन्हात.